एसएमपीएसचा ट्रान्सफॉर्मर : कुठलं वाइंडिंग कुणाचं, हे ओळखायचं कसं?

एसएमपीएसचं झाकण उघडलं की बोर्डाच्या मधोमध पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक चौकोनी ठोकळा दिसतो. खाली आठ-दहा पिना. वर ना व्होल्टेज लिहिलेलं, ना आकृती. असलाच तर कारखान्याचा आतला एखादा नंबर, जो शोधून काहीच हाती लागत नाही. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉपचा चार्जर, कॉलेजच्या प्रयोगशाळेत कापडाखाली झाकून ठेवलेलं जुनं उपकरण, सगळीकडे हाच ठोकळा. दुरुस्ती करायची तर पहिला प्रश्न हाच येतो : यातल्या कुठल्या दोन पिना एका वाइंडिंगच्या, आणि ते वाइंडिंग नेमकं काय काम करतं?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यात जिवाचा संबंध आहे. त्या ठोकळ्यात १५ व्होल्ट देणारी दोन वाइंडिंग असू शकतात. एकाच्या तारेला हात लागला तर काहीही होत नाही. दुसऱ्याच्या तारेला हात लागला तर सरळ मेनचा शॉक बसतो. मीटरवर दोघांचं व्होल्टेज सारखंच. हे कसं काय, ते आज बघू.

माझं पीएचडीचं काम फेराइटच्या चुंबकीय गुणधर्मांवर आहे, आणि या ठोकळ्याचा गाभा फेराइटचाच असतो. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फेराइटवर बरंच काम झालेलं आहे. शिवाय चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना होता, त्यामुळे या शहराला टीव्हीचे बोर्ड काही नवे नाहीत. तेव्हा विषय आपल्या घरचाच म्हणायला हरकत नाही.

सुरुवात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून

मराठवाड्यात विहिरीवरची मोटर जळाली की ती रिवाइंडिंगला जाते. चांगला कारागीर जुनं वाइंडिंग काढून फेकण्याआधी तीन गोष्टी लिहून घेतो : वेढे किती, तारेचा गेज किती, आणि कुठली कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत जाते. एवढी माहिती हातात असली की मोटर पुन्हा पहिल्यासारखी बांधता येते. काम झाल्यावर तो मेगर लावून तार आणि बॉडी यांच्यात गळती नाही ना, हे तपासतो.

म्हणजे त्याचे प्रश्न कोणते? वेढे, दिशा आणि इन्सुलेशन. एसएमपीएसच्या ट्रान्सफॉर्मरलाही हेच तीन प्रश्न विचारायचे असतात, फक्त क्रम उलटा. इथे आधी इन्सुलेशनच्या कुठल्या बाजूला आपण उभे आहोत ते बघायचं, मग वेढे, मग दिशा.

मल्टीमीटर इथे का फसवतो?

जुन्या टेपरेकॉर्डरच्या अडॅप्टरमध्ये लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर असायचा. तो ५० हर्ट्झवर चालायचा. वारंवारता कमी असली की वेढे जास्त लागतात, त्यामुळे छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला बारीक तारेचे हजारो वेढे असायचे. मीटर लावला की प्रायमरी शेकडो ओहम दाखवायची आणि सेकंडरी एखाद-दोन ओहम. जास्त ओहम म्हणजे प्रायमरी, कमी ओहम म्हणजे सेकंडरी. विषय संपला.

एसएमपीएस ५० हर्ट्झवर चालत नाही. तो आधी २३० व्होल्ट एसीचं साधारण ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि मग एका मॉसफेटने ते डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. ६५ किलोहर्ट्झ ही अगदी नेहमीची वारंवारता. ५० च्या तुलनेत ही तेराशे पट झाली. म्हणून वेढे हजारांवरून शंभराच्या आसपास येतात आणि ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. लोखंडी पत्रे या वारंवारतेवर तापून जातील, कारण त्यांच्यात भोवरे प्रवाह तयार होतात. फेराइट हे सिरॅमिक असतं, विजेला चांगला अडथळा करतं, म्हणून इथे ते लागतं. १९३० च्या सुमारास टोकियोत काटो आणि ताकेई यांनी फेराइटवर काम केलं आणि त्यातूनच १९३५ साली टीडीके ही कंपनी उभी राहिली. आजच्या पॉवर सप्लायमध्ये बहुतेक वेळा मँगनीज-झिंक फेराइट असतं.

आता आकडे बघा. समजा १२ व्होल्टच्या एका सप्लायमध्ये प्रायमरीचे १११ वेढे आहेत, सेकंडरीचे १४, आणि आयसीला वीज देणाऱ्या छोट्या वाइंडिंगचे १७ किंवा १८. एका वेढ्याला ५ सेंटिमीटर तार लागते असं धरू.

प्रायमरी पाव मिलिमीटर जाडीच्या तारेची असेल तर तिचा रोध सुमारे १.९ ओहम येतो. छोटं वाइंडिंग ०.२ मिलिमीटरच्या एकेरी तारेचं असेल तर सुमारे अर्धा ओहम. सेकंडरीत ०.४ मिलिमीटरच्या तीन तारा एकत्र असतील तर फक्त ०.०३ ओहम. मल्टीमीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो. म्हणजे सेकंडरी मोजली काय आणि दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवली काय, मीटरला फरक कळणार नाही.

अजून एक गंमत बघा. छोट्या वाइंडिंगचे आणि सेकंडरीचे वेढे जवळपास सारखे आहेत, ५ ला ४ या प्रमाणात. पण रोध मात्र पंधरा पट वेगळा. रोधावरून वेढ्यांचा अंदाज बांधला तर साफ चूक होणार. आणि प्रायमरीतला एक वेढा आतल्या आत शॉर्ट झाला तर रोध एक टक्कासुद्धा कमी होत नाही, पण सप्लाय मात्र बंद पडतो.

थोडक्यात, मल्टीमीटरचं इथलं काम एकच : कुठल्या पिना एकमेकींना जोडलेल्या आहेत ते सांगणं. त्यापुढचं त्याला विचारू नका.

पहिला प्रश्न : वाइंडिंग कुठल्या बाजूचं?

हे काम ट्रान्सफॉर्मर बोर्डवर असतानाच करायचं, प्लग काढून. आणि प्लग काढला म्हणजे झालं असं नाही. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट साठलेले असू शकतात. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर त्यात पाच ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. १० किलोओहमचा पाच-दहा वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने काही सेकंद लावा आणि मग मीटरने व्होल्टेज खरंच शून्याजवळ आलंय का ते बघा. मीटरने खात्री केल्याशिवाय बोट पुढे न्यायचं नाही.

आता बोर्ड उलटा करा. तांब्याच्या पट्ट्यांमध्ये एक रुंद मोकळी वाट दिसेल, कधी कधी तिथे बोर्डला आरपार चीरही पाडलेली असते. ही सीमारेषा. एका बाजूला मेनची दुनिया, दुसऱ्या बाजूला माणसाने हात लावायची दुनिया. ही रेषा ओलांडायची परवानगी मोजक्याच भागांना असते : ट्रान्सफॉर्मर, चार पायांचा ऑप्टोकपलर, आणि बहुधा निळा, चकतीसारखा वाय कपॅसिटर. हे सापडले की रेषा सापडली.

मेनच्या बाजूला प्रायमरी ओळखणं सोपं आहे. तिचं एक टोक मोठ्या कपॅसिटरच्या प्लसला जातं आणि दुसरं मॉसफेटच्या ड्रेनला. काही छोट्या सप्लायमध्ये मॉसफेट आयसीच्या आतच असतो. उदाहरणार्थ व्हायपर २२ या आठ पायांच्या आयसीत ५ ते ८ हे चारही पाय ड्रेनचे असतात.

याच बाजूला अजून एक वाइंडिंग असतं, ते म्हणजे वर सांगितलेलं छोटं वाइंडिंग. त्याला ऑक्झिलरी म्हणतात. त्याचं एक टोक मेनच्या बाजूच्या ग्राउंडला, म्हणजे मोठ्या कपॅसिटरच्या मायनसला जोडलेलं असतं. दुसरं टोक एका छोट्या डायोडमधून आयसीच्या पुरवठ्याच्या पायाला जातं. यूसी ३८४२ असेल तर पाय नंबर ७. हा आयसी १६ व्होल्टच्या आसपास सुरू होतो आणि पुरवठा १० च्या खाली गेला की बंद पडतो, म्हणून ऑक्झिलरी साधारण १५ व्होल्टची ठेवलेली असते. काही आयसी स्वतःची वीज ड्रेनवरूनच घेतात. तिथे ऑक्झिलरी नसतेच, तेव्हा ती सापडली नाही म्हणून घाबरू नका.

सुरुवातीला म्हटलेलं धोकादायक १५ व्होल्टचं वाइंडिंग ते हेच. त्याच्या दोन टोकांमध्ये १५ व्होल्टच असतात, पण ते ज्या ग्राउंडवर उभं आहे ते ग्राउंड ब्रिज डायोडमधून थेट मेनला जोडलेलं आहे. कारागीर त्याला हॉट ग्राउंड म्हणतात ते उगाच नाही. विहिरीत सोडलेल्या शिडीची एक पायरी फूटभर उंच, अंगणातल्या शिडीचीही तेवढीच. पण पाय घसरला तर दोन्हीकडे सारखंच पडाल का? एखाद्याने "१५ व्होल्टचं एक जास्तीचं आउटपुट मिळालं" असं समजून त्यावर एलईडी किंवा छोटा पंखा जोडून वायर डब्याबाहेर काढली, तर त्याने मेनची वायरच बाहेर काढली असं समजा.

म्हणून नियम असा : व्होल्टेजवरून नाव ठेवायचं नाही. आधी वाइंडिंगचं ग्राउंड शोधायचं.

सीमारेषेच्या पलीकडे राहते ती सेकंडरी. जाड तार, बरेचदा दोन-तीन पिना एकत्र सोल्डर केलेल्या, पुढे मोठा शॉटकी डायोड आणि मग कपॅसिटर. आउटपुट दोन असतील तर डायोडही दोन दिसतील. कपॅसिटरवर छापलेलं व्होल्टेज हाही एक सुगावा : १६ किंवा २५ व्होल्टचा कपॅसिटर असेल तर आउटपुट १२ च्या आसपास असण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रश्न : वेढे किती?

आता ट्रान्सफॉर्मर बोर्डवरून काढायचा. इथे एलसीआर मीटर लागतो. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तारेच्या जाडीशी त्याला देणंघेणं नसतं. रोधाने जो गोंधळ घातला तो इथे होत नाही.

आपल्या उदाहरणात १० किलोहर्ट्झवर मोजलं आणि प्रायमरी १००० मायक्रोहेनरी, ऑक्झिलरी २५ आणि सेकंडरी १६ आली असं धरा. वर्गमूळं काढा : ३१.६, ५ आणि ४. हेच वेढ्यांचं प्रमाण. प्रायमरीला सेकंडरीच्या सुमारे ७.९ पट वेढे आहेत.

हे बरोबर आहे का, याचा पडताळा लगेच घेता येतो. आउटपुट १२ व्होल्ट, डायोडवर ०.६ पडतात, म्हणजे सेकंडरीवर १२.६. ऑक्झिलरी त्याच्या सव्वापट, म्हणजे १५.७५. तिच्या डायोडवर ०.७ गेले की उरतात १५ व्होल्ट. यूसी ३८४२ ला हवे तेवढेच! बोर्ड बघून जी ओळख पटली होती, तिला आकड्यांनी दुजोरा दिला.

प्रयोगशाळेत फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोप असेल तर आणखी खात्री करता येते. बाहेर काढलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला ५० किलोहर्ट्झची, शिखरापासून शिखरापर्यंत १० व्होल्टची साइन लहर द्या. सेकंडरीवर १.२७ आणि ऑक्झिलरीवर १.५८ व्होल्टच्या जवळपास दिसायला हवं. लहर प्रायमरीलाच द्यायची, कारण तिचा अडथळा ३०० ओहमच्या पुढे असतो. सेकंडरीचा जेमतेम ५ ओहम, त्यामुळे तिथे जनरेटर दबून जातो.

हे झालं प्रमाण. प्रत्यक्ष वेढे मोजायचे असतील तर बॉबिनवर जागा बघून साध्या हूक-अप वायरचे ५ वेढे घाला. त्यांच्यावर ०.४५ व्होल्ट मिळाले तर एका वेढ्याला ०.०९ व्होल्ट, म्हणून प्रायमरीचे वेढे १० भागिले ०.०९, म्हणजे १११. एक काळजी घ्या : वायर मधल्या खांबाभोवती असली पाहिजे. बाजूच्या खांबाभोवती गुंडाळली तर तिथून निम्मंच चुंबकीय फ्लक्स जातं आणि उत्तर दुप्पट येतं.

तिसरा प्रश्न : दिशा कुठली?

बहुतेक छोटे सप्लाय फ्लायबॅक पद्धतीचे असतात. मॉसफेट चालू असताना प्रायमरी ऊर्जा भरून घेते, आणि ती मुख्यतः गाभ्यातल्या बारीकशा हवेच्या फटीत साठते. मॉसफेट बंद झाला की तीच ऊर्जा सेकंडरीतून बाहेर पडते. म्हणजे प्रायमरी भरत असताना सेकंडरीने गप्प बसायचं असतं, आणि तिला गप्प बसवतो तो डायोड. यासाठी वाइंडिंगची दिशा बरोबर असावी लागते. आकृतीत ती ठिपक्याने दाखवतात.

दिशा उलटी झाली तर? मॉसफेट चालू असतानाच डायोड वाहू लागेल आणि ३२५ भागिले ७.९, म्हणजे ४१ व्होल्ट आउटपुटकडे धावतील. तिथे २५ व्होल्टचा कपॅसिटर बसलेला आहे. ऑक्झिलरी उलटी लागली तर आयसीकडे ५१ व्होल्ट जाऊ पाहतात, आणि यूसी ३८४२ ची मर्यादा ३० व्होल्टची.

दिशा ओळखायला ऑसिलोस्कोपच पाहिजे असं नाही. दोन वाइंडिंग सिरीजमध्ये जोडा आणि इंडक्टन्स मोजा. २५ आणि १६ मायक्रोहेनरीची वाइंडिंग एकाच दिशेने जोडली गेली तर वेढे मिळवले जातात : ५ अधिक ४ बरोबर ९, त्याचा वर्ग ८१. उलट जोडली तर ५ वजा ४ बरोबर १, त्याचा वर्ग १. मीटरवर ८१ च्या जवळ आकडा आला की एकाचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडलंय. १ च्या जवळ आला की उलट. प्रत्यक्षात जोडणी शंभर टक्के नसते, त्यामुळे १ च्या जागी दीड-दोन दिसेल. पण ८१ आणि २ यांत गोंधळ होण्याची शक्यता नाही.

गोंधळ घालणाऱ्या तीन गोष्टी

एक, दुभागलेली प्रायमरी. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये अर्धी प्रायमरी आत, त्यावर सेकंडरी, आणि वर उरलेली अर्धी प्रायमरी असते, म्हणजे सँडविच. दोन अर्ध्यांचा जोड एका पिनेवर येतो आणि ती पिन बोर्डवर कुठेच जोडलेली नसते. तिला तिसरं आउटपुट समजू नका.

दोन, शील्ड. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याची पट्टी किंवा तारेचा एक थर असतो. त्याचं एकच टोक पिनेला जोडतात, दुसरं आत मोकळं सोडतात. त्या पिनेचं दुसरीकडे कुठेच कनेक्शन लागत नाही, म्हणून "वाइंडिंग तुटलंय" असा निष्कर्ष निघतो. ते तुटलेलं नसतं, तसंच ठेवलेलं असतं.

तीन, समांतर वाइंडिंग. सेकंडरीच्या दोन जोड्यांची वाइंडिंग अगदी सारखी मोजली गेली आणि बोर्डवर त्यांच्या पिना एकत्र असल्या, तर ती दोन आउटपुट नव्हेत. जास्त करंटसाठी एकच सेकंडरी दोनदा गुंडाळलेली आहे.

मग ट्रान्सफॉर्मर खरंच गेलाय का?

ही सगळी ओळखपरेड बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरला निर्दोष ठरवण्यासाठीच कामाला येते. एसएमपीएसमध्ये आधी फुगतात ते कपॅसिटर, मग जातात मॉसफेट आणि डायोड. ट्रान्सफॉर्मरचा नंबर बराच मागे.

तपासणी सोपी आहे. प्रायमरीचा इंडक्टन्स मोजा. मग सेकंडरीच्या पिना तारेने शॉर्ट करून पुन्हा मोजा. १००० चे २०-३० मायक्रोहेनरी झाले की समजा ट्रान्सफॉर्मर ठणठणीत. हा उरलेला आकडा म्हणजे लीकेज इंडक्टन्स. पण शॉर्ट न करताच प्रायमरी इतकी कमी येत असेल, तर आतला एखादा वेढा शॉर्ट झालाय आणि सेकंडरीचं काम तोच करतोय.

पुन्हा गुंडाळायचा का?

वेढे कळले, दिशा कळली, तार बाजारात मिळते. मग अडचण काय? अडचण तिसऱ्या गोष्टीची, इन्सुलेशनची. मोटरमध्ये तार आणि लोखंडी बॉडी यांच्यात इन्सुलेशन असतं आणि बॉडीला अर्थिंग असतं. मोबाइल चार्जरला अर्थिंग नसतं. मेन आणि तुमच्या हातातला फोन यांच्यामध्ये जे काही उभं असतं ते ट्रान्सफॉर्मरमधलं इन्सुलेशन. म्हणून कारखान्यात टेपचे तीन थर, बॉबिनच्या कडांना मोकळी सोडलेली पट्टी, किंवा तीन पदरी इन्सुलेशनची खास तार वापरतात. आयएस १३२५२ या भारतीय मानकात अशा इन्सुलेशनची चाचणी ३००० व्होल्ट एसीवर करायला सांगितलेली आहे.

रिवाइंडिंगच्या दुकानातला ५०० व्होल्टचा मेगर इथे उपयोगी पडतो. मेनच्या बाजूच्या सगळ्या पिना एकत्र, पलीकडच्या सगळ्या एकत्र, आणि मध्ये मेगर. काटा जरा जरी गळती दाखवत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर भंगारात. मात्र ५०० व्होल्टला पास होणं म्हणजे ३००० ला पास होणं नव्हे.

माझं मत विचाराल तर असं : अर्थिंग असलेल्या धातूच्या डब्यातलं प्रयोगशाळेचं उपकरण असेल, नवा सप्लाय मिळतच नसेल, आणि उच्च दाबाची चाचणी करायची सोय असेल, तर रिवाइंडिंगचा विचार जरूर करा. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा. पण जी वस्तू कुणाच्या हातात जाणार, लहान मुलं चार्जिंगला लावून खेळणार, तिचा ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळू नका. नवा चार्जर काही शेकडा रुपयांत मिळतो. तिथे वाचलेल्या पैशाला अर्थ नाही.